संग्रहालयातला ट्रेन सिम्युलेटर: पोरांचं खेळणं की आणखी काही?

तिरफळ
प्रश्न आधी टाकते, पाल्हाळ नंतर. संग्रहालयांत ट्रेन चालवायचे जे सिम्युलेटर असतात, ते मोठ्या माणसांनी मनावर घ्यावेत असे असतात का, की नुसता पोरांना गुंतवायचा खुळखुळा? खऱ्या गाडीशी त्यांचा कितपत संबंध असतो?

निमित्त असं की आई सध्या आमच्याकडे लंडनला आली आहे. कॉव्हेंट गार्डनमधलं लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियम माझं लाडकं. जुन्या फुलबाजाराच्या इमारतीत १९८० पासून आहे. एकदा तिकीट काढलं की वर्षभर कितीदाही जा, मुलांना फुकट. मेट्रोपॉलिटन रेल्वेचं १८६६ सालचं वाफेचं इंजिन तिथे आहे, भुयारातून धूर ओकत जायचं ते. १८९० च्या ट्यूबचा, म्हणजे खोल भुयारी रेल्वेचा, एक डबाही आहे, लोक त्याला 'पॅडेड सेल' (गाद्या लावलेली कोठडी) म्हणायचे. खिडक्या नावापुरत्या, वरच्या बाजूला बारीक फटी. भुयारात बघायचंय काय, असा हिशेब. स्टेशन आलं की डब्यातला माणूस नाव ओरडून सांगायचा. आई म्हणाली, "आमच्या लोकलला खिडक्या होत्या, पण आठ-सत्तावीसला बाहेरचं दिसलंय कुणाला!"

तर सिम्युलेटर. रांगेत सगळी आठ-दहा वर्षांची चिल्लीपिल्ली आणि मधे आमची आई, पर्स पोटाशी धरून. उभी हयात डोंबिवली-व्हीटी केलेली बाई. हँडल पुढे करून गाडी सोडली झोकात. अंधारात लांब फलाटाचा उजेड दिसला, "अजून लांब आहे गं" म्हणेपर्यंत निम्मा फलाट मागे गेला. मागचा पोरगा तिला हातवारे करून ब्रेक दाखवत होता. दुसऱ्या स्टेशनला फलाटाच्या अलीकडेच उभी. खाली उतरल्यावर म्हणाली, "सोडण्यात काही नाही, थांबवण्यात आहे सगळं. आमच्या लेडीज डब्याच्या पट्ट्यांपाशी आम्ही उभ्या राहायचो आणि दार बरोब्बर समोर यायचं. हे कुणीतरी रोज करत होतं, हे इतकी वर्षं डोक्यातच आलं नाही."

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच चाललंय. जाणकारांनी उजेड पाडावा.

चहाबाज
आईंना दंडवत. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

बोरीबंदर_स्लो
स्पष्ट बोलतो, राग नसावा. संग्रहालयातले सिम्युलेटर म्हणजे जत्रेतला पाळणा. दोन मिनिटांत मागच्याचा नंबर लागतो, त्यात काय कळणार? खरी मजा घरी. मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर २००१ मध्ये आला तेव्हापासून खेळतोय. त्यात भारत नव्हता, इंग्लंडची सेटल-कार्लाइल होती, जपानच्या लाइनी होत्या. मग आपल्याकडच्या पोरांनी फुकटात आपली इंजिनं आणि डबे बनवले, मार्ग बनवले. आता ओपन रेल्स या फुकट सिम्युलेटरमध्ये तेच चालतं. पूर्ण मालगाडी घेऊन दोन-दोन तास बसा, मग बोला.

कोरा_कागद
दोन तास मालगाडी? वहिनी काय म्हणतात?

बोरीबंदर_स्लो
हेडफोन लावतो.

घाटवाला
धागा उशिरा पाहिला. मी रेल्वेत असिस्टंट ड्रायव्हर म्हणून लागलो, मग शंटिंग, मालगाडी, पॅसेंजर, आणि शेवटची वर्षं मेल-एक्सप्रेस. निवृत्त झालोय. सिम्युलेटर खेळणं नाही. आम्हालाही रिफ्रेशरला त्यावर बसवत. समोर धुकं सोडतात, हिरवा दिसणारा सिग्नल ऐन वेळी लाल करतात, रुळावर गुरं आणतात. तिथे चुकलात तर इन्स्ट्रक्टर ओरडतो, बाकी काही होत नाही. हे सगळं खऱ्या लाइनवर शिकवता येत नाही.

मातोश्रींचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर. लोकांना वाटतं ब्रेक म्हणजे मोटारीसारखं, पाय दाबला की गाडी उभी. आमच्याकडे ब्रेक पाइपात ५ किलोचा दाब असतो. हवा भरून ब्रेक लागत नाही, हवा सोडली की लागतो. गाडी मधेच तुटली किंवा पाइप सुटला तर हवा जाते आणि ब्रेक आपोआप लागतो, म्हणून ही उलटी रचना. पण मालगाडीला पन्नास-साठ वॅगन असतात. मी इंजिनात हवा सोडली तरी शेवटच्या वॅगनला ती खबर लागायला वेळ जातो. ब्रेक सुटायला तर त्याहून जास्त. मधल्या वेळात पुढचं धरतं, मागचं ढकलतं, आणि कपलिंगचे असे आवाज येतात की नवा असिस्टंट घाबरून तोंडाकडे बघतो.

आणखी एक. सारखा लाव-सोड केली की वॅगनच्या टाक्यांतली हवा भरायला वेळच मिळत नाही. ऐन वेळी हँडल ओढलं तर ब्रेकमध्ये दम नसतो. म्हणून ब्रेक एकदाच, लवकर, बेताने. दोन मिनिटांच्या खेळातही हे एक कळलं तर पुष्कळ झालं.

तिरफळ
घाटवाला काका, हे वाचून दाखवलं आईला. ती म्हणते, "लोकलला पण असंच का?"

घाटवाला
नाही. लोकलचा ब्रेक विजेच्या इशाऱ्यावर चालतो, सगळ्या डब्यांना जवळजवळ एकदम लागतो. पण मोटरमनची डोकेदुखी वेगळी. दुपारची रिकामी गाडी आणि संध्याकाळची गाडी यांच्या वजनात जमीन-अस्मान. गर्दीला रेल्वेच्या भाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणतात, चौरस मीटरला १४ ते १६ माणसं. त्यात पावसात रूळ ओले, चाक घसरतं. हे सगळं धरून बारा डब्यांची गाडी पाटीपाशी उभी करायची, पुन्हा दोन मिनिटांत पुढचं स्टेशन. कल्याणचा माझा एक मोटरमन मित्र म्हणायचा, तुम्ही मेलवाले दिवसाला जेवढे स्टॉप घेता तेवढे मी चहाच्या आधी घेतो.

सातारी_कंदी
लोकलमध्ये चढताना मी मोटरमनला मनातल्या मनात जे काय बोललोय ते सगळं मागे घेतो.

कोरा_कागद
सगळं छान, पण जरा उलटं बोलतो. ज्या कामाचा सिम्युलेटर बनवलाय ते कामच संपत चाललंय. तिरफळ, तुमच्याच गावची व्हिक्टोरिया लाइन १९६८ मध्ये उघडली तेव्हापासून ऑटोमॅटिक आहे. ऑपरेटर दारं लावतो, दोन बटणं एकदम दाबतो, पुढे गाडी आपली आपण जाते आणि आपली आपण थांबते. डीएलआरला (डॉकलंड्स लाइट रेल्वेला) तर १९८७ पासून पुढे चालकच नाही. दिल्ली मेट्रोची मॅजेंटा लाइन डिसेंबर २०२० पासून चालकाविना. उद्याच्या संग्रहालयात व्हिक्टोरिया लाइनचा सिम्युलेटर ठेवला तर काय असेल? दोन बटणं. दाबा आणि घरी जा.

चहाबाज
तो मात्र मला जमेल.

तिरफळ
हाहाहा! पण म्हणूनच तो संग्रहालयात हवा ना? वाफेचं इंजिन नुसतं उभं ठेवता येतं. ब्रेक कधी मारायचा हे कपाटात कसं ठेवणार?

घाटवाला
कागदराव, बटणं दोन का, हा विचार केलात का? एकावर चुकून कोपर पडू शकतं. माणूस जागा आहे का, हे यंत्राला कसं कळावं, हा जुना प्रश्न आहे.

पूर्वीपासून उपाय म्हणजे डेड मॅन्स हँडल. ते दाबून धरायचं, हात सुटला की गाडी ब्रेक घेते. ट्यूबलाही आहे, आपल्या लोकललाही आहे. पण लंडनचाच मूरगेटचा अपघात बघा, २८ फेब्रुवारी १९७५. सकाळची गाडी शेवटच्या स्टेशनात आली, वेग कमी झालाच नाही, फलाट ओलांडून बंद बोगद्याच्या भिंतीवर गेली. ४३ माणसं गेली. चालकाचा हात हँडलवरच होता, ब्रेक मारलेला नव्हता. का, ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानंतर बंद टोकाच्या स्टेशनांत गाडी जोरात शिरलीच तर ती आपोआप थांबवायची यंत्रणा त्यांनी बसवली. हात दाबलेला आहे म्हणजे माणूस ठिकाणावर आहे, असं नाही. आमच्या इंजिनांत नंतर व्हिजिलन्स आला. ठराविक वेळ चालकाने कशालाच हात लावला नाही तर आधी दिवा, मग आवाज, आणि तरी काही केलं नाही तर ब्रेक.

मुक्काम_साईतामा
वा, धागा रंगला! मी जपानात, ओमियाच्या रेल्वे म्युझियमपासून जवळ राहतो. २००७ मध्ये उघडलंय. लेकाला घेऊन सारखी वारी असते. तिथे सिम्युलेटर एक नाही, बरेच आहेत. साध्या लोकल गाड्यांचे आहेत, ३२० च्या वेगाने जाणाऱ्या ई-५ शिंकान्सेनचा, म्हणजे बुलेट ट्रेनचा आहे, आणि डी-५१ या वाफेच्या इंजिनाचाही आहे. त्यात हादरे बसतात.

गंमत म्हणजे शिंकान्सेनचा सगळ्यात सोपा. तिथे वेग उतरवायचं काम बरंचसं यंत्रणाच करते, शेवटचा टप्पा तेवढा हाताने खुणेवर आणायचा. साध्या लोकलचा सिम्युलेटर मात्र घाम काढतो. गाडी उभी राहिली की खुणेपासून किती लांब ते पडद्यावर येतं, वेळेत होतात का तेही येतं. माझ्या शेजारी एकदा पहिली-दुसरीतली मुलगी बसली होती. प्रत्येक सिग्नलला पांढरा हातमोजा घातलेलं बोट दाखवून मोठ्याने बोलायची. हातमोजा घरून आणला होता!

ते बोट दाखवणं म्हणजे नखरा नाही. इथले सगळे चालक करतात: बोट दाखवा, डोळ्यांनी बघा, तोंडाने बोला. इथल्या रेल्वे संशोधन संस्थेच्या प्रयोगात, साध्या कामांत नुसतं बघून होणाऱ्या चुका असं केल्यावर सुमारे सहाव्या हिश्शावर आल्या.

घाटवाला
आमच्याकडेही हेच. असिस्टंट सिग्नलचं नाव आणि रंग मोठ्याने बोलतो, हात दाखवतो, आणि मी तेच परत बोलायचं. रात्री तीनला, भुसावळच्या पुढे कुठेतरी, दोघांचे डोळे जड झालेले असताना, समोरच्याचा आवाज हाच काय तो आधार. निवृत्तीनंतर गाडीत मागे बसून सिग्नल पुटपुटायची सवय राहिली. बायकोने आता सांगून ठेवलंय, रिक्षात हे करायचं नाही.

रुळावरची_रुई
रिक्षात! फुटले!

मुक्काम_साईतामा
हेही सांगतो, कारण सिम्युलेटरवरचे ते आकडे बघताना मला कायम आठवतं. २५ एप्रिल २००५, आमागासाकीचा अपघात. तेवीस वर्षांचा चालक. आधीच्या स्टेशनावर गाडी खुणेच्या पुढे गेली, मागे घ्यावी लागली, दीड मिनिट उशीर झाला. तो भरून काढायच्या ताणात ७० च्या वळणावर ११६ ने शिरला. गाडी रुळावरून उतरून एका इमारतीत घुसली. चालक धरून १०७ जण गेले. अशा चुकांसाठी चालकांना तेव्हा अपमानास्पद 'फेरप्रशिक्षणा'ला बसवत, त्याची धास्ती किती असायची यावर नंतर खूप चर्चा झाली. सिम्युलेटर आपल्याला सांगतो, अमुक मीटर पुढे गेलात. आपण हसतो. ज्याच्या पगाराला ते मीटर जोडलेले असतात त्याला हसू येत नाही.

तिरफळ
हे माहीत नव्हतं. पुढच्या वेळी रांगेत हसताना आठवेल.

पेठी_विक्षिप्त
एक तक्रार करतो, आम्ही त्यासाठीच सभासद आहोत. एका विज्ञान केंद्रात, नाव घेत नाही, रेल्वेचा सिम्युलेटर होता. तिथल्या गृहस्थांनी नातवाला खुर्चीत बसवलं आणि हँडल स्वतःच धरून ठेवलं. कारण काय, तर मुलं मोडतात. नातू हात मांडीवर ठेवून पाच मिनिटं पडदा बघत होता. तो पडदा घरीही होता, आणि आजोबांकडून आइस्क्रीम उकळायची सोयसुद्धा.

बोरीबंदर_स्लो
म्हणूनच म्हणतो, घरचा बरा.

घाटवाला
घरचा कळफलक आणि खरं हँडल यात फरक आहे, स्लो साहेब. हँडलला वजन असतं, खाच लागते, हाताला कळतं कितव्या नॉचवर आहोत. जुन्या डिझेल इंजिनाला आठ नॉच. रात्री डेस्ककडे न बघता नॉच मोजता येतो. कळफलकावर बोटाला काही कळत नाही. तुमच्या मालगाडीबद्दल आदर आहे, गैरसमज नको.

बोरीबंदर_स्लो
गैरसमज कसला, काका. उलट विचारायचंच होतं. ओपन रेल्सवर भोर घाट उतरताना माझी गाडी नेहमी पळते. खरंच इतकं अवघड आहे का?

घाटवाला
हा खरा प्रश्न. कर्जत-लोणावळा, ३७ ला १ चा चढ. म्हणजे ३७ फूट पुढे गेलात की एक फूट वर. कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं लागतात, लोणावळ्याला सुटतात, हे तुम्ही खिडकीतून वडापाव घेताना पाहिलं असेल. चढताना जोर इंजिनांचा. खाली उतरताना मात्र सगळा भार ब्रेकवर आणि चालकावर.

घाटात कॅच सायडिंग असतात, मुद्दाम चढावर नेऊन सोडलेले रूळ. उतरणारी गाडी आली की काटा आधी सायडिंगच्याच बाजूला असतो. गाडी थांबते, ताब्यात आहे हे सिद्ध होतं, मग पुढचा रस्ता मिळतो. न थांबलेली गाडी चढावर जाऊन आपली आपण दमते. तुमची गाडी पळते कारण तुम्ही वेग वाढल्यावर ब्रेक लावता. घाटात वेग वाढायच्या आधी लावायचा. इंजिनाचा विजेचा ब्रेक वापरून गाडी धरून ठेवायची, हवेचा ब्रेक शिलकीत ठेवायचा. करून बघा आणि इथे कळवा.

रुळावरची_रुई
अवांतर: भोर घाटाची लाइन १८६३ ची. तिरफळच्या लंडनची पहिली भुयारी रेल्वेही जानेवारी १८६३ ची. तिकडे साहेब जमिनीखाली शिरत होता तेव्हा इकडे हजारो मजूर कातळ फोडत होते. पटकी आणि अपघातांत किती गेले त्याला गणती नाही. त्यांचं नाव कुठल्या संग्रहालयात दिसत नाही. आणि तेव्हा गाडी घाट एका दमात चढत नव्हती, खंडाळ्याजवळ उलटी फिरून वर जायची. ते १९२९ मध्ये नवी लाइन काढल्यावर संपलं. त्याच सुमारास पुण्यापर्यंत वीजही आली.

दिल्लीत_वडा
त्याच विजेच्या लाइनीवरचं इंजिन मी परवा हात लावून आलो. दिल्लीच्या चाणक्यपुरीतलं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय, १९७७ पासूनचं. जीआयपी रेल्वेच्या (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) काळातलं 'सर लेस्ली विल्सन' तिथे बाहेर उन्हात उभं आहे, ते क्रोकोडाइल जातीचं, पुढेमागे लांब नाकं असलेलं. घाटातल्या मालगाड्या ओढायला आणलेलं. दिल्लीची पोरं त्याच्यासमोर सेल्फी काढतात, मी एकटाच कर्जत-कर्जत करत गहिवरलो.

मूळ धाग्याबद्दल: तिथे आतल्या दालनात डिझेल आणि वाफेच्या इंजिनाचे सिम्युलेटर आहेत, मोठेही बसतात. माझ्या पुढे एक सरदारजी आजोबा होते, त्यांनी हॉर्न सोडून कशालाच हात लावला नाही. प्रचंड खूश होऊन उतरले.

चहाबाज
आजोबांचं बरोबर आहे. पैसे हॉर्नचेच.

सातारी_कंदी
पुण्यात सहा वर्षांच्या भाच्याला कुठे नेता येईल? दिल्ली-लंडन परवडत नाही.

पेठी_विक्षिप्त
कोथरूडला जोशी रेल्वे म्युझियम, कर्वे रोडच्या बाजूला. सिम्युलेटर नाही, छोट्या गाड्यांचं अख्खं शहर आहे. सिग्नल, फाटक, घाट, दिवे. कै. भाऊ जोशींनी आयुष्य घालवून उभं केलं, १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. खेळ सुरू असतो तेव्हा मुलं गप्प बसतात, हे मी पुण्यात दुसरीकडे कुठेच पाहिलेलं नाही. नागपूरला गेलात तर मोतीबागचं नॅरो गेजचं संग्रहालयही बघा.

कोरा_कागद
मुंबईकरांनी अनिक डेपोतलं बेस्टचं संग्रहालय विसरू नये. तिथे ट्रामच्या काळातल्या वस्तू आहेत. ट्रेन नाही, पण वाहतूक आहे ना!

आणि हो, माझा मूळ मुद्दा मी पूर्ण मागे घेत नाही. चालक जाणारच. पण तिरफळचा कपाटाचा मुद्दा पटला. सिम्युलेटर ठेवायचाच तर गाडी भरधाव पळवणारा नको, थांबवणारा ठेवा. गुण फक्त थांबवण्याचे द्या.

मुक्काम_साईतामा
ओमियात तसंच आहे. वेगाला कुणी विचारत नाही.

तिरफळ
काका, शेवटचा प्रश्न. आई परत जायच्या आधी एकदा न्यायचा विचार आहे (तिकीट वर्षाचं आहेच). तिला काय सांगू? फलाट दिसला की नक्की कुठे बघायचं?

घाटवाला
फलाटाच्या तोंडाकडे बघू नये, तिथेच सगळे फसतात. तोंड अंगावर आल्यासारखं वाटतं आणि माणूस घाबरून जोरात ब्रेक लावतो, मग अलीकडेच उभा राहतो. नजर फलाटाच्या पलीकडच्या टोकाला, जिथे आपलं नाक उभं करायचंय त्या खुणेवर. पहिला ब्रेक उजेड दिसताच, वाटतं त्यापेक्षा लवकर आणि हलका. वेग मोडला की ब्रेक सोडत सोडत न्यायचा. गाडी उभी राहते त्या क्षणी ब्रेक जवळजवळ सुटलेला हवा, नाहीतर उभे असलेले सगळे पुढच्याच्या अंगावर जातात. हे मातोश्रींना समजावून सांगायला नको, डोंबिवलीच्या आहेत.

तिरफळ
आई विचारते, तुम्ही कधी डेक्कन क्वीन चालवली का?

घाटवाला
चालवली. त्यांना म्हणावं, शिवाजीनगरला वेळेवर.

पेठी_विक्षिप्त
याची खातरजमा करायला आमच्याकडे साक्षीदार आहेत. सन आणि तारीख कळवा.